पान एकतीसवरचा ठिपका

मंगळवार, १४ मार्च २००६, सकाळी दहा वाजून पाच मिनिटे. इंग्लंडमधल्या हेबलवर्थच्या सार्वजनिक वाचनालयात, मुलांच्या कपाटासमोर, एडविन हार्डकॅसल यांनी भिंग खाली ठेवले आणि वहीत नोंद केली : पुस्तके चार, खुणा अकरा.

तंत्रमहाविद्यालयात सत्तावीस वर्षे मोजमापशास्त्र शिकवून निवृत्त झालेले हार्डकॅसल आठवड्यातून तीन दिवस येथे विनावेतन काम करीत. योगायोग नावाच्या गोष्टीवर त्यांचा विश्वास नव्हता.

चारही पुस्तके एकाच मालेची होती : ‘धुक्याची राखणदार’. दीपगृहात राहणाऱ्या आयव्हीची ही कथा. पहिल्या भागात ती नऊ वर्षांची असते आणि समुद्रपक्षी तिला गमतीची कोडी घालतात. चौथ्या भागात ती तेराची होते आणि धुके तिच्या भावाला गिळते. पहिल्या दोन भागांत पानांच्या आकड्यांखाली शिसपेन्सिलीच्या दोन-दोन बारीक खुणा होत्या, तिसऱ्यात तीन, चौथ्यात चार. कथा जसजशी काळवंडत गेली तसतशा खुणा वाढत गेल्या होत्या. प्रत्येक भागात पान एकतीसवर ठिपका, पान अठ्ठावन्नवर त्रिकोण. ही सहज गिरगटलेली रेघोटी नव्हे, हा संकेत होता. मुलांची गुप्त टोळी असेल, किंवा मुलांना नादी लावणारा कुणी मोठा माणूस. त्यांनी मुलांच्या कार्डांची नोंदवही काढली.

चारही भाग नेणाऱ्या मुलांत एकच नाव सापडले : टॅम्सिन ग्रीनवुड, वय बारा. पुस्तक खराब करणाऱ्याचे कार्ड सहा महिने बंद, असा नियम होता. ग्रंथपाल मिस सटक्लिफ गुरुवारी रजेवरून परतणार. तोवर अहवाल तयार हवा. नुकताच आलेला पाचवा भाग टॅम्सिनच्या नावे राखून ठेवला होता. हार्डकॅसल यांनी तो टेबलाच्या खणात सरकवला.

पावणेचारला ती शाळेच्या गणवेशातच धापा टाकत आली.

“आला का पाचवा?”

“चौकशी चालू आहे.”

“पुस्तकाची? त्यानं काय चोरलंय?”

त्यांनी चौथा भाग उघडून तिच्यापुढे धरला. “हा ठिपका तू काढलास?”

टॅम्सिनने पानाला नाक टेकवले. “हा? माशी बसली असेल.”

“चारही पुस्तकांत, एकाच पानावर? मोठी शिस्तीची माशी!”

“मी नाही काढला. मी हात धुऊन वाचते, आईला विचारा.”

“मग एवढी घाई कसली? भाऊ गेला, दिवा विझला. तुझ्या वयाच्या मुलीनं हे वाचायचंच कशाला?”

“पहिला वाचला तेव्हा मीपण नऊची होते. तेव्हा ती कोडी आवडायची. अजून कोडीच चालू असती तर कधीच सोडलं असतं.” तिने पुढ्यातला चौथा भाग मिटला. “आणि आजी गेली तेव्हा सगळे मला म्हणाले, ती झोपलीये. मी काय कुक्कुलं बाळ होते? हे पुस्तक असलं काही सांगत नाही. भीती वाटते, पण फसवत नाही.”

हार्डकॅसल यांनी ‘उत्तर टाळले’ असे वहीत लिहिले.

“मिस्टर हार्डकॅसल, तुमच्या खणातून निळा कोपरा दिसतोय. पाचवा निळाच आहे.”

त्यांनी गुडघ्याने खण बंद केला. “गुरुवारी ये.”

“वा! लपवता तुम्ही, आणि संशय माझ्यावर!” दार आपटत ती गेली.

संध्याकाळी सहाला घरी पत्नी डोरीनने जेवण मांडले. तिची मोठ्या टायपातली वाचनालयाची रहस्यकथा बशीशेजारी पालथी पडली होती. हार्डकॅसल यांनी दिवसभराच्या सवयीने पान एकतीस उघडले. आकड्याखाली ठिपका होता.

“डोरीन, हे काय आहे?”

“माझी खूण. तेच पुस्तक दुसऱ्यांदा घरी येऊ नये म्हणून. नाहीतर शंभराव्या पानावर आठवतं, की खुनी तो माळी आहे! सगळ्याच म्हाताऱ्या करतात. तू कादंबऱ्या वाचत नाहीस, तुला कसं कळणार?”

“मुलांच्या कपाटातल्या चार पुस्तकांवर हीच खूण आहे.”

डोरीनच्या हातातला चमचा थांबला. “ती पुस्तकं विणकामाच्या मासिकात लपवून आणत होते,” ती म्हणाली. “त्रिकोण पोस्टातल्या आयरीनचा. चौकोन त्या डॉक्टरचा. पहिले दोन भाग त्यानं पोरांना वाचून दाखवले, तिसऱ्यापासून स्वतःसाठी नेतो.”

“आणि चौथी खूण?”

“ते नाही सांगणार. चर्चमधला माणूस आहे.”

“पण का? तुझ्या रहस्यकथांत काय मुडदे कमी पडतात?”

“तिथं माणूस पहिल्या पानावर मरतो आणि कुणी रडत नाही.” तिने चमचा खाली ठेवला. “आपलं पोर, कॉलिन, गेलं, तेव्हा चौथ्या दिवशी लोक माझ्याशी हवामानावर बोलायला लागले. तूसुद्धा, एडविन. ह्या पुस्तकात भाऊ गेल्यावर आयव्ही चाळीस पानं एक शब्द बोलत नाही. आणि कुणीही तिला ‘बोल’ म्हणत नाही.”

हार्डकॅसल यांनी रहस्यकथा मिटून बाजूला सारली. “मग पुढे ती दिवा लावते का?”

“मला काय माहीत? पाचवा तू कुठं कोंडून ठेवलायस कोण जाणे. माझा नंबर पोरीनंतरचा आहे.”

बुधवारी टॅम्सिन आलीच. गुरुवारपर्यंत तिला धीर धरवणार नव्हता. निळे पुस्तक टेबलावर उघड्यावर ठेवलेले पाहून तिने डोळे बारीक केले.

“ह्यात काही डाव आहे?”

“नाही. माझं चुकलं. माशी सापडली.”

“कुठली?”

“माझ्या घरचीच.”

तिला अर्थ कळला नाही. त्यांचे मत बदलायच्या आत निसटावे म्हणून ती पुस्तक उराशी धरून पळाली. हार्डकॅसल यांनी अहवालाचे पान फाडले आणि पहिला भाग स्वतःच्या कार्डावर घरी नेला. शनिवारी दुपारी, शेवटचे पान मिटल्यावर, त्यांनी सर्वांत कठीण शिशाच्या पेन्सिलीला टोक केले आणि पान सत्तावीसच्या आकड्याखाली तीन मिलिमीटरची सरळ रेघ ओढली. मग वही उघडून मंगळवारचा आकडा दुरुस्त केला.

खुणा : बारा.