कपाट, जिना आणि एक त्रस्त नागरिक

नागसेनचं पत्र मला आलं तेव्हा तो आमच्या समोरच्याच घरात राहत होता. मध्ये आमच्या नंदनवन वस्तीतला बारा फुटांचा रस्ता. तरी त्यानं ते पोस्टानं पाठवलं, पिन कोडसकट पत्ता घालून. मी त्याला उत्तर दिलं नाही.

त्या पत्राच्या आधी माझा एक अर्ज आहे. त्याची लाज वाटते, म्हणून तो लवकर सांगून टाकतो.

नागसेन हेवी मेटल वाजवायचा. त्यांच्या गच्चीवर पत्र्याची खोली होती. तिथे संध्याकाळी सहा ते आठ त्याची गिटार चाले आणि आमच्या मांडणीतल्या वाट्या आपोआप सरकत. मी पस्तीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. माझ्या नोकरीतला सगळ्यात मोठा आवाज म्हणजे तारखेचा शिक्का. समोर जाऊन ‘बाबा, जरा हळू’ म्हणणं माझ्याच्यानं होणार नव्हतं. ऑटोवाल्याला ‘इथे थांबवा’ म्हणायचा धीर न झाल्यामुळे मी दोनदा पुढच्या चौकात उतरून चालत परत आलेलो आहे.

म्हणून मी पोलीस चौकीला अर्ज लिहिला.

‘महोदय, रोज सायंकाळी सहा ते आठ या वेळेत समोरच्या गच्चीवरून कुणीतरी लोखंडी कपाट जिन्यावरून खाली लोटत असल्याचा आवाज येतो. कपाट संपत नाही. जिनाही संपत नाही. कपाटाच्या आत एखादा जिवंत माणूस असावा, असा दाट संशय येतो. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी.’ खाली सही: एक त्रस्त नागरिक.

चार कच्चे खर्डे करून मग पक्का लिहिला. पाकीट बंद करण्याआधी पुन्हा वाचला आणि मला तो चक्क बरा वाटला. माझं लिहिलेलं मला सहसा बरं वाटत नाही.

हवालदार आला, त्यानं अर्ज गल्लीत उभं राहून मोठ्यानं वाचला, आणि संशय जिवंत माणसाचा असल्यामुळे खोलीतलं कपाटही उघडून पाहिलं. त्यात नागसेनच्या आईच्या गाद्या होत्या. आई म्हणजे प्रेमिलाबाई, माझ्या बायकोची मैत्रीण. त्या संध्याकाळी आमच्याच ओसरीवर बसून, आमचाच चहा पीत त्या म्हणाल्या, “इंदू, तो त्रस्त मले एकदा सापडला पाहिजे वं. त्याले मी त्याच कपाटात कोंबते.”

“कोंब,” माझी बायको म्हणाली. “वरून कुलूप लाव.”

मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. ते उलटं नव्हतं, एवढं मी पाहिलं होतं.

आठवड्यानं पत्र आलं.

‘देवाजी काका, जय भीम. तुमचा अर्ज हवालदारसाहेबांकडून मागून मी त्याची झेरॉक्स काढली आहे. नाव नव्हतं, पण कॉलेजात तीन वर्षं “पुस्तकांच्या पानांना कान पाडू नयेत” ही तुमच्या हातची पाटी माझ्या डोळ्यासमोर होती. ते अक्षर मी झोपेतही ओळखीन. काका, माझ्या वाजवण्याबद्दल आजवर लोक दोनच गोष्टी बोलले, “भारी” नाहीतर “बंद कर.” ऐकून, विचार करून, चार ओळी लिहिणारे तुम्ही पहिले. कपाटात माणूस आहे हे तुम्हाले कसं कळलं? मी पाच वर्षं तेच वाजवून राहिलो. तुमच्या या शब्दांचं गाणं करू का? चाल झाली आहे. पण तुमच्या “हो”शिवाय आम्ही ते गाणार नाही, आणि शब्द कोणाचे हेही कोणाले सांगणार नाही. आईलेही नाही. ती त्या त्रस्त नागरिकाले रोज शिव्या देते आणि तुमच्या घरी रोज वाटीभर भाजी पाठवते. भाजी बंद व्हावी अशी माझी इच्छा नाही.’

हा मुलगा माझी थट्टा करतो आहे की काय, हे ठरवण्यात माझा एक महिना गेला. थट्टा नाही असं ठरल्यावर उत्तराचे खर्डे सुरू झाले. पण ‘हो’ लिहिणं म्हणजे अर्ज माझा असल्याची लेखी कबुली. ते पत्र प्रेमिलाबाईंच्या हाती पडलं तर? त्यांच्याकडच्या वांग्याच्या भाजीला तोड नाही. मी आणखी थांबलो. बोकारोसारख्या लांबच्या गावी राहणाऱ्याला उशिरा उत्तर दिलं तर चालतं. समोरच्या घरातल्याला देताना रोज तोंड दिसतं. नागसेन मला रस्त्यात दिसला की नुसता भुवई उडवायचा. मी चष्मा पुसायचो.

पुढे नागसेननं आणि त्याच्या मित्रांनी वाजवायची जागा बदलली, कोराडीला, वीज केंद्रातल्या त्याच्या मामाच्या क्वार्टरमध्ये. आमच्या वाट्या जागेवर राहू लागल्या. आणि त्या पावसाळ्याच्या शेवटी नागसेन डेंग्यूनं गेला. सत्तावीस वर्षांचा होता. पाच दिवसांत सगळं आटोपलं.

मेलेल्या माणसाला उत्तर लिहायचं नसतं, अशी मी माझी समजूत घातली. ती दोन वर्षं टिकली.

या वर्षी त्याच्या स्मृतिदिनी सकाळी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, आणि दुपारी कोराडीच्या कॉलनीतल्या हॉलमध्ये त्याच्या मित्रांनी वाजवायचं ठरवलं. प्रेमिलाबाईंनी आम्हाला दोघांना बसमध्ये घालून नेलं. मी खिशात कापूस घेतला होता.

स्टेजवर ड्रमवर काजल होती. ती एरवी शिकवणी वर्गात फिजिक्स शिकवते. गायला अमोल. मधली जागा मोकळी, तिथे नागसेनची गिटार स्टँडवर उभी. त्यानं वाजवलेलं सगळं रेकॉर्ड केलेलं होतं. ते स्पीकरवर लावून बाकीचे त्याच्याबरोबर वाजवणार होते.

पहिल्या गाण्याला मी कापूस घातला. दुसऱ्याला एका कानातला काढला, कारण बायको काहीतरी विचारत होती. मग तो परत घालायचं राहून गेलं.

मला वाटत होतं की हा मुलगा नुसता जोर लावतो. तसं नव्हतं. रेकॉर्डमध्येही कळत होतं, तो तार छेडायचा आणि त्याच क्षणी तळहातानं दाबून धरायचा. आवाज जन्मतो आणि तिथेच अडतो, पुन्हा जन्मतो, पुन्हा अडतो. असं किती वेळ. मग एकदम हात उचलायचा, आणि इतका वेळ अडलेलं सगळं एका लांब, चढत्या सुरात बाहेर यायचं. तो सूर किंचित थरथरत होता. मला ते फार ओळखीचं वाटलं. मी जन्मभर तळहात दाबूनच बसलेलो आहे. उचलायचं तेवढं जमलं नाही.

मध्यंतरात काजल पाणी प्यायला आमच्याजवळ आली तेव्हा मी, मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं, तिला विचारलं, “तो हात ठेवून वाजवतो ते कठीण असतं का?”

“तेच तर कठीण आहे काका. जोरात कोणीबी वाजवते. दाबायले नागसेनच लागते.” मग माझ्या कानाकडे पाहून ती म्हणाली, “एका कानानं ऐकून राहिले काय? अर्ध्याच तिकिटात?”

मी दुसरा बोळाही काढला.

शेवटच्या गाण्याआधी अमोल माइकसमोर आला. “या गाण्याले शब्द आहेत,” तो म्हणाला. “कोणाचे, ते नागसेननं सांगितलं नाही. कागद आहे, त्यावर नाव नाही. तो म्हणे, पत्र टाकलं आहे, उत्तर आलं की गाऊ. उत्तर आलं नाही. म्हणून आम्ही हे बिनाशब्दाचंच वाजवतो. नेहमी असंच वाजवू.”

आणि त्यांनी वाजवलं. लोखंडी कपाट जिन्यावरून निघालं. कुठे कुठला शब्द यायचा ते मला समजत होतं. ‘कपाट संपत नाही’ इथे गिटार थांबे, चार ठोके रिकामे जात, अमोल माइकसमोर तोंड मिटून उभा राही. ‘जिनाही संपत नाही’, पुन्हा चार ठोके रिकामे. नागसेननं माझ्यासाठी जागा सोडून ठेवली होती आणि तीनशे माणसं त्या रिकाम्या जागेत गप्प बसली होती.

शेजारी प्रेमिलाबाई डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, “कोण माणूस असन वं हा? दोन ओळीचं उत्तर नाही देता येत? माह्या पोराचं गाणं मुकं ठेवलं त्यानं.”

“हात मोडले असतील मेल्याचे,” माझी बायको म्हणाली.

परतीच्या बसमध्ये प्रेमिलाबाई पुढे बसल्या होत्या. मी बायकोला सगळं सांगितलं. राखेचे ट्रक बाजूनं जात होते, त्यामुळे मला दोनदा सांगावं लागलं, आणि दुसऱ्यांदा जरा ओरडून. तिनं माझ्याकडे पाहिलं. मग तोंडात पदर कोंबून ती इतकी हसली की कंडक्टर विचारायला आला.

“तुमी?” ती म्हणाली. “तुमी पोलिसात अर्ज केला? ज्याले दुधवाल्याले पातळ आहे म्हणता येत नाही?”

“हळू बोल.”

“आता काहून हळू? आता तर गाणं होणार हाये.” डोळे पुसून ती गंभीर झाली. “प्रेमिला सोडणार नाही तुमाले. पण लिहा. लेकराले लई थांबवलं तुमी.”

दुसऱ्या दिवशी मी लिहायला बसलो. या वेळी एकच खर्डा केला.

‘श्रीमती प्रेमिलाबाई यांस, जय भीम. चि. नागसेन यानं मला विचारलं होतं, त्याचं उत्तर तीन वर्षं उशिरा देत आहे. हो. तो अर्ज मी लिहिला होता. तुमच्या गाद्या हवालदारानं उपसल्या, त्याला मी कारण आहे. अर्जाचे शब्द, म्हणजे माझे, मुलांनी खुशाल गावेत. मी तक्रार केली होती, पण त्यात ऐकलं होतं ते खरं लिहिलं होतं, आणि ते त्याला पहिल्यांदा कळलं, मला काल कळलं. कपाटात माणूस होता. तो फार चांगला वाजवत होता. ता. क. शेवटची “योग्य ती कार्यवाही व्हावी” ही ओळ गाण्यात ढिली पडेल असं वाटतं. अमोलला ठेवायची असेल तर ठेवावी, माझा आग्रह नाही.’

खाली पूर्ण नाव लिहिलं, घर क्रमांकासकट.

“समोर राहते ते,” बायको दारातून म्हणाली. “हातानं देऊन या ना.”

“तेवढं नको,” मी म्हणालो.

चौकातल्या पेटीपाशी गेलो, पाकीट आत सोडलं आणि पेटीवरची वेळ वाचली. टपाल साडेअकराला निघणार होतं. म्हणजे परवा दुपारपर्यंत प्रेमिलाबाई आमच्या दारात. परवा मला ग्रंथालय संघाच्या बैठकीला जायचं होतं. मी घरी येऊन फोन केला आणि येत नाही म्हणून कळवलं.