जिन्याचं माप

आमच्या सासूबाईंचा जीव वाचनालयातल्या खिडकीजवळच्या बाकात आहे. सकाळी दहाला तिथे जायचं, सगळी वर्तमानपत्रं पालथी घालायची आणि बाराला घरी येऊन मला ऐकवायची. मी शिवणकाम करते. ते दोन तास माझं मशीन सुखाने चालतं. त्यामुळे वाचनालयाच्या दारावर नगरपालिकेची सूचना लागली, तेव्हा धसका दोघींनीही घेतला. वाचनालय वरच्या मजल्यावर जाणार, खाली जुन्या फायली ठेवणार, हरकती लेखी द्याव्यात. सासूबाईंचे गुडघे जिना चढत नाहीत.

"फायलींचे गुडघे दुखतात का गं?" सासूबाई कडाडल्या. "लिही हरकत!"

नुसतं रडगाणं लिहायचं नाही, असं मी ठरवलं. टेप घेऊन गेले, जिना मापला आणि ऐटीत लिहून दिलं: पायऱ्या बावीस, प्रत्येक नऊ इंच उंच, कठडा नाही.

सुनावणी कुठे ठेवावी? त्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर! सासूबाई जिन्याखाली शिपायाच्या स्टुलावर बसल्या. "जा तू. माझ्या वाटचं भांडून ये."

वर वीस-पंचवीस माणसं होती. अधिकारीबाईंनी माझा अर्ज वाचला. इंजिनियरसाहेबांनी नकाशा पसरला आणि ते हसले. "पायरी सहा इंचांची आहे. या बाईंनी नऊ लिहिलंय! असल्या हरकतींवर वेळ घालवायचा का?"

सगळे हसले. माझे कान तापले. माप तर मी स्वतः घेतलं होतं. मग एकदम लख्ख आठवलं आणि धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. कापड बेतताना शिवणीला इंचभर जादा धरायचा, ही वीस वर्षांची सवय. हाताने जिन्यालाही तो इंच धरला होता!

गप्प बसून निघून यावंसं वाटलं. पण खाली स्टुलावर कोण बसलंय, ते आठवलं.

"एक इंच माझा चुकला," मी म्हणाले. "शिंपिणीची खोड आहे. पण साहेब, मग आठ उरतात. तुमचे सहा कुठून आले? चला, मापू या."

साहेब नको नको म्हणत होते, पण अधिकारीबाई उठल्याच. मग काय, अख्खी सुनावणी जिन्यावर! साहेबांनी माझ्याच टेपने पहिली पायरी मापली. आठ. दुसरी मापली. आठ. त्यांनी नकाशाची गुंडाळी केली आणि ती काखेत मारली.

"मी एक इंच जास्त लिहिला, तुम्ही दोन कमी," मी म्हणाले. या वेळी लोक त्यांना हसले. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

सासूबाई स्टुलावरून उठल्या. "आता सगळे खाली आलाच आहात, तर माझंही ऐका. बारा निवडणुका झाल्या, एकदाही मत चुकवलं नाही मी. पण मत देऊन आले की पुढची पाच वर्षं मला कुणी काही विचारत नाही. आज विचारणार होतात, तर वर जाऊन बसलात!"

कुणी हसलं नाही. अधिकारीबाईंनी शिपायाकडून वही मागवली आणि तिथेच, पहिल्या पायरीवर बसून, सासूबाईंचा शब्दन् शब्द लिहून घेतला.

महिन्याने दारावर दोन कागद लागले. सासूबाईंनी ते मला मोठ्याने वाचून दाखवले. वाचनालय खालीच राहणार. आणि दुसरा: 'कचरागाडीच्या वेळांबाबत सुनावणी. ठिकाण: तळमजला.'

तळमजला हा शब्द त्यांनी दोनदा वाचला.

"आपण जायचं," त्या म्हणाल्या. "गाडी किती वाजता येते ते उद्यापासून तू बघ. पण लिहीन मी!"