बारक्या की जाड्या

मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला बाबांचा फोन आला. रोज यायचा तसाच. 'हॅलो' वगैरे वेळखाऊ प्रकार त्यांनी केव्हाच सोडले होते. थेट म्हणाले, "धुळीचं सुटलं बघ."

धूळ म्हणजे बारक्यात शिरणारी धूळ. बाबांना रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढण्यासाठी छोटा कॅमेरा घ्यायचा होता. अकरा महिन्यांपूर्वी त्यांनी दोन उमेदवार निवडले होते आणि अकरा महिन्यांच्या कसून अभ्यासानंतरही उमेदवार दोनच होते. दोघांचीही लेन्स कायमची बसवलेली. बदलता येत नाही, झूम होत नाही, माणूस मोठा दिसायला हवा असेल तर आपल्या पायांनी त्याच्याजवळ जायचं. पहिला शर्टाच्या खिशात मावणारा, डोळा लावायला खिडकी नसलेला. त्याच्या चौकटीत बरंच काही मावतं, म्हणून माणूस मोठा दिसायला त्याच्या अगदी अंगाशी जावं लागतं. तो बारक्या. दुसरा जुन्या कॅमेऱ्याचा आव आणणारा, खिडकीवाला, थोडं अंतर राखून बघणारा, वजनाला आणि किमतीलाही भारी. तो जाड्या.

या दोघांवरून इंटरनेटवर जगभरचे पुरुष एकमेकांची अक्कल काढत असतात. एक लिहितो, रस्त्याचा श्वास टिपावा तर बारक्यानेच. दुसरा कळवतो, बारक्याने फक्त धूळ टिपता येते, श्वासासाठी जाड्याच लागतो. पुरावा म्हणून दोघेही एकच फोटो जोडतात: लांबलचक भिंत आणि तिच्या कडेने चाललेला एक पाठमोरा माणूस.

बाबांनी चाळीस वर्षं पासपोर्ट फोटोचा स्टुडिओ चालवला. आईने चाळीस वर्षं त्या फोटोंच्या कडा कापल्या. 'हनुवटी खाली, हलायचं नाही' हे ज्यांनी जन्मभर लोकांना बजावलं, त्यांना निवृत्तीनंतर हलणारे लोक हवेसे वाटू लागले. दुकानदाराने एकदा त्यांना बारक्या तासभर वापरायला दिला. या दुकानदाराला आमच्या घरात भिंगवाले म्हणतात. बाबा रस्त्यावर उतरले आणि तासाभरात तीन फोटो काढून परत आले. तिन्हींत माणसं समोर बघतायत, हनुवटी खाली, खांदे एका रेषेत. एका फळवाल्याला तर त्यांनी केस विंचरायला लावले आणि मग स्वतः पुढे होऊन त्याची कॉलर नीट केली.

हे त्यांनी मला फोनवर अभिमानाने सांगितलं तेव्हा माझ्यापुरता प्रश्न मिटला होता. ज्याला अनोळखी माणसाच्या कॉलरला हात लावल्याशिवाय फोटो काढता येत नाही, त्याने लांबून बघणारा कॅमेरा घेऊन करायचं काय? बारक्याच. मी वाचनालयाच्या संदर्भ विभागात आहे. लोकांना हवं ते उत्तर पाच मिनिटांत शोधून देण्याचा मला पगार मिळतो. हे उत्तर तर मला दुसऱ्याच आठवड्यात मिळालं होतं.

ते मी बाबांना दिलं नाही.

स्टुडिओच्या दिवसांत बाबा अनोळखी लोकांशी इतकं बोलायचे की घरच्यांसाठी शब्द शिल्लक राहायचे नाहीत. 'जेवलीस का' आणि 'जेवले', एवढ्यावर आम्ही बापलेकींनी तीस वर्षं निभावून नेली. मी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात आल्यावर वर्षाला चार फोन व्हायचे, त्यातला एक चुकून लागलेला. आणि आता रोज साडेसहा. चाळीस-चाळीस मिनिटं. मध्येच ते एखाद्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगत, लग्नाआधी आई फोटो काढायला आली होती तेव्हा तिचे डोळे तीनदा मिटले, ते सांगत. मी 'बारक्या घ्या' म्हटलं असतं तर दुसऱ्या दिवशी कॅमेरा घरात आला असता आणि साडेसहाला ते रस्त्यावर कुणाचे तरी केस विंचरत असते.

तेव्हा मी शंका पुरवायला लागले. बाबा, त्याची बॅटरी अर्ध्या दिवसात मान टाकते म्हणे. बाबा, उन्हात त्याच्या पडद्यावर काही दिसत नाही म्हणे. प्रत्येक शंका सोडवायला त्यांना एक-दोन आठवडे लागत. तोवर मी पुढची तयार ठेवत असे, दुव्यांसकट. धूळ ही माझी सर्वात यशस्वी कामगिरी, ती दोन महिने पुरली.

त्या मंगळवारी ती संपली. लेन्सच्या तोंडावर बसवायची एक काच मिळते, असं त्यांनी शोधून काढलं होतं. म्हणाले, उद्या जातो आणि घेऊनच टाकतो. माझ्याकडे दुसरं काही तयार नव्हतं. मी म्हटलं, रविवारपर्यंत थांबा, नवं मॉडेल येतंय असं वाचलंय. वाचलं होतं हे खरं. कुठल्याशा गृहस्थाने ते स्वतःच्या अंदाजाने लिहिलं होतं, हेही खरं.

बाबा म्हणाले, "तू म्हणतेस तर थांबतो."

बुधवारी सकाळी ते बुटांचे बंद बांधायला वाकले आणि उठले नाहीत.

भेटायला येणाऱ्यांनी सांत्वनात कसर ठेवली नाही. एका अर्थी चांगला मृत्यू आला, असं बरेच जण म्हणाले. तो अर्थ कोणता, हे विचारण्याइतकी उसंत त्यांनी दिली नाही. शेजारच्या निवृत्त मुख्याध्यापकांनी बाबांच्या फोटोकडे बघून प्रकाश डावीकडून कमी पडल्याचं सांगितलं. मावशीने जाता जाता आईला सुचवलं, भाऊजींचं काही राहून गेलं असेल तर ते पुरं कर. आईने ते मनावर घेतलं.

पंधरा दिवसांनी ती म्हणाली की कॅमेरा आणायचा आणि तो ती वापरणार. चाळीस वर्षं दुसऱ्याने काढलेले फोटो कापून झाले, आता स्वतः काढून बघते. फक्त कोणता घ्यायचा ते मी सांगायचं, कारण ह्यांचा माझ्याशिवाय कुणावर भरवसा नव्हता.

आम्ही दुकानात गेलो. भिंगवाल्यांनी दोन्ही कॅमेरे काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. अशा प्रसंगी एखाद्या गोष्टीतल्या दुकानदाराने हळूच सांगितलं असतं की तुमच्या वडिलांनी केव्हाच ठरवलं होतं, ते तुमच्याशी बोलायला मिळावं म्हणून नुसते विचारत राहिले. भिंगवाल्यांनी बहुधा तसल्या गोष्टी वाचलेल्या नाहीत. ते म्हणाले, साहेबांचं खरंच ठरत नव्हतं. तीनदा घ्यायच्या तयारीने आले. बारक्या हातात घ्यायचे, खिशातून फोन काढायचे, तुम्ही पाठवलेलं तिथेच उभ्याने वाचायचे आणि कॅमेरा परत द्यायचे. चेहरा उतरायचा, पण वर म्हणायचे, मुलगी एवढं बघते आपल्यासाठी, थांबू.

आईने माझ्या दंडावर हात ठेवला. "हिनेच सांभाळलं त्यांना. नाहीतर भलताच घेऊन बसले असते."

भिंगवाल्यांनी मान डोलावली. अभ्यासू माणसं आता राहिली नाहीत, असंही म्हणाले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बोला ताई, कोणता देऊ?"

एक शब्द पुरला असता. त्यांनी बिल केलं असतं, आईने पिशवी उचलली असती आणि पुढची वीस वर्षं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला माझ्या बारकाईचं कौतुक ऐकवत राहिली असती. आईने बारक्या उचलला होता. तो उलटा धरून ती बटण शोधत होती.

"आई, ठेव तो जरा खाली," मी म्हटलं. "मी त्यांना सांभाळत नव्हते. हाच घ्यायचा, हे मला दुसऱ्याच आठवड्यात कळलं होतं. मी मुद्दाम सांगितलं नाही. मंगळवारी ते उद्या घेतो म्हणाले, तेव्हाही मीच थांबवलं. कॅमेरा घेतला की त्यांचा फोन बंद होईल, अशी भीती वाटायची मला. बाबांशी दुसरं काय बोलायचं, ते मला येत नव्हतं गं."