न दिसणारे दुखणे

मित्रांनो, मी एक जुने तपासणीचे टेबल आहे. सुताराने मला जाड लाकडातून घडवले, वर तपकिरी रेक्झिन ठोकले आणि "हत्ती झोपला तरी हलणार नाही" असे सांगून मला दवाखान्यात पाठवले. हत्ती काही आला नाही. आले ते खेळाडू, कारण आमच्या डॉक्टरीणबाई त्यांच्यावरच उपचार आणि शस्त्रक्रिया करतात. मुरगळलेले घोटे, निखळलेले खांदे, सगळ्यांचा भार मी सोसला. पण त्यातला एक फुटबॉलपटू कायमचा माझ्या लक्षात राहिला.

मैदानावर सगळे त्याला 'वारा' म्हणत. दवाखान्यात मात्र तो मोठ्या बहिणीच्या मागून, मान खाली घालून आला. बोलली तीच.

"डॉक्टर, आठ महिने याची जांघ दुखतेय. विश्रांती घेतली की बरं वाटतं, मैदानात उतरला की पुन्हा तेच. एक्स-रे झाले, गोळ्या झाल्या, कुणाला काही सापडत नाही. प्रशिक्षक म्हणतात, अंग चोरतो."

"आता मलाही तसंच वाटायला लागलंय," वारा पुटपुटला.

तो माझ्यावर आडवा झाला. माझ्या कडा त्याने घट्ट धरल्या होत्या.

"नेमकं कधी दुखतं?" बाईंनी विचारले.

"एकदम धाव घेतली की. वळून किक मारली की. आणि हसू नका, पण शिंकलो तरी."

"हसत नाही. ही शिंकच कामाची आहे."

बाईंनी त्याचे गुडघे दुमडून मधे आपली मूठ धरली आणि म्हणाल्या, "दाब." तो कण्हला. मग मांडी फिरवून खुब्याचा सांधा पाहिला. तो ठीक होता. शेवटी ओटीपोट आणि मांडी जिथे मिळतात तिथे बोट टेकवून त्या म्हणाल्या, "खोक." वारा असा उसळला की मी करकरले. सोनोग्राफीतही दोष तिथेच दिसला. हाडाचा दोष नाही ना, याची खात्री एमआरआयने झाली.

"दुखणं खरं आहे," बाई म्हणाल्या. "पोटाची आतली भिंत इथं सैल पडलीय. जोर लावला की फुगते आणि शेजारची नस दाबते. बाहेर गाठ दिसत नाही, म्हणून कुणाला कळलं नाही."

वाऱ्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आले.

"अरे वेड्या, आता कशाला रडतोस? सापडलं ना!"

"ताई, म्हणूनच रडतोय."

बाईंनी लगेच सुरी हातात घेतली नाही. तीन महिने त्याने माझ्यावरच व्यायाम केले. मांड्या बळकट झाल्या, पण धावताना कळ यायचीच. मग शस्त्रक्रिया ठरली. ती आतल्या खोलीत, दुसऱ्या टेबलावर झाली. ते टेबल माझ्याशी बोलतही नाही. लहानसा छेद घेऊन सैल भिंत टाक्यांनी घट्ट केली, दबलेली नस मोकळी केली, असे बाईंनी ताईला सांगितले. दुसऱ्याच आठवड्यात वारा पळायची परवानगी मागू लागला.

"आधी नीट चाल. पळालास तर टाके तुझे तुटतील आणि शिव्या मी घालीन!"

तीन महिन्यांनी तो शेवटच्या तपासणीला आला, तेव्हा बाईंची मूठ त्याने गुडघ्यांमध्ये अशी दाबली की त्याच ओरडल्या, "अरे सोड! उद्या याच हातानं ऑपरेशन करायचंय!"

दारात प्रशिक्षक शिट्टीशी चाळा करत उभे होते. "मी याला सगळ्या संघासमोर कामचुकार म्हणालो होतो," ते म्हणाले.

"मग माफीही संघासमोरच मागा," बाई म्हणाल्या.

त्यांनी ती मागितली. पुढच्या सामन्यात वारा शेवटपर्यंत खेळला. संघ हरला, तरी ताई पेढे वाटावेत अशा आनंदाने ही बातमी सांगायला आली होती.

आता खालीवर होणारे विजेचे टेबल आले आहे. मी व्यायामाच्या खोलीत असते. माझे रेक्झिन फाटले आहे आणि येणारा-जाणारा माझ्यावर पिशव्या टाकतो. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्यातला कुणी दुखते म्हणाला आणि तुम्हाला काहीच दिसले नाही, तर 'नाटक करतो' म्हणून त्याला हसू नका. त्याच्याजवळ बसा आणि विचारा, नेमके कुठे दुखते?