आपल्याच बोटातला लोलक

फर्निचरच्या दुकानावर एक हॉल होता. त्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नव्हती. आधी खुर्च्या भरल्या, मग जिना भरला, आणि उशिरा आलेली मंडळी खाली फुटपाथवर माना उंचावून उभी राहिली. वर शांतता पसरली की खालचे विचारायचे, "फिरला का?" मग वरच्या दारातून जिन्यावर, जिन्यावरून रस्त्यावर, तोंडातोंडी उत्तर उतरत यायचं, "फिरला, फिरला!"

फिरायचा तो एक लोलक. दोऱ्याला बांधलेला छोटासा पितळी गोळा. खाली टेबलावर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर काळ्या शाईची, अधिकच्या चिन्हासारखी ठळक फुली. फुलीच्या उभ्या रेघेवर लिहिलं होतं ‘हो’, आडव्या रेघेवर ‘नाही’. दोरा बोटात धरायचा, हात स्थिर ठेवायचा आणि प्रश्न विचारायचा. जरा वेळाने गोळा आपला आपण झुलू लागे आणि एक रेघ निवडे.

लोलकाच्या या बैठका घेणारे महाराज अंगात डॉक्टरसारखा पांढरा कोट घालत. बोलत मात्र शास्त्रज्ञासारखं, म्हणजे शास्त्रज्ञ कसे बोलत असतील असं त्यांना वाटे तसं.

"मी हात लावतोय का? बघा, मी तर लांब उभा आहे! दोरा तुमच्या बोटात, प्रश्न तुमचा. मी नुसता पोस्टमन! ब्रह्मांडात क्वांटम लहरी वाहतायत. त्या डोक्यातून आत शिरतात आणि बोटातून बाहेर पडतात. शाळेत शिकवतात ते अर्धं फिजिक्स, मंडळी. उरलेलं अर्धं इथे मिळतं!"

टाळ्या पडल्या. दाराशी खासगी बैठकांची नावनोंदणी जोरात चालू होती.

त्या दिवशी टेबलाशी बसला होता चौकातला बेकरीवाला. त्याच्या हृदयाची एक झडप निकामी होत चालली होती. पिठाचं पोतं उचललं की धाप लागे, जिना चढताना मध्येच बसावं लागे. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, ऑपरेशन लांबवू नका. त्याने दोरा धरला आणि विचारलं, "ऑपरेशन करू का?"

गोळा हलला. डावीकडे, उजवीकडे, मग मोठे झोके घेत आडव्या रेघेवर. नाही. सुटका झाल्यासारखं बेकरीवाल्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्याची मुलगी खुर्चीमागे उभी होती. तिनेही ओढणीने डोळे पुसले.

ही मुलगी शाळेत ‘पैकी’ या नावाने ओळखली जाई. प्रत्येक पेपरात पैकीच्या पैकी मार्क, म्हणून वर्गाने ठेवलेलं नाव. भौतिकशास्त्रात तर तिच्या उत्तरपत्रिकेवर लाल पेन चालवायला जागाच सापडत नसे.

तिला भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाई निवृत्तीला आल्या होत्या. आवाज खणखणीत, अक्षर सुरेख, शिकवणं चोख. पण बाई फळ्याकडे तोंड करून लिहीत आणि वर्ग मान खाली घालून उतरवत राही. वर्षानुवर्षं हेच. "काही शंका?" असं त्या प्रत्येक तासाला विचारत आणि खिडकीबाहेरच्या रिक्षांचे हॉर्न ऐकत उत्तराची वाट बघत. शंका कुणालाच नसे. शिक्षकांच्या खोलीत त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर डबा खात. घरी दोन खोल्या, आणि नवरा गेल्यापासून त्यांतली एक बहुतेक बंदच.

एकदा तास संपल्यावर पैकी त्यांच्याजवळ आली. "बाई, मी थोडे दिवस पहिल्या तासाला येणार नाही. पप्पांनी पुन्हा भट्टीचं काम सुरू केलंय. मी मदतीला थांबते."

"अगं, पण त्यांचं ऑपरेशन होतं ना?"

"नाही म्हणून आलंय." आणि तिने लोलकाची सगळी हकिगत सांगितली.

बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "लोलक कशामुळे झुलतो, सांग बरं."

पैकीने श्वास घेतला आणि धडाधडा म्हणून दाखवलं. व्याख्या, आवर्तकाल, सूत्र, अनुनादाची अट. एक शब्द इकडचा तिकडे नाही.

"शाब्बास. मग पप्पांच्या हातातला तो कशामुळे झुलला?"

पैकी गोंधळून बघत राहिली. "बाई, हा पुस्तकातला लोलक. तो… तो वेगळा ना."

ती निघून गेली. बाई रिकाम्या वर्गात बसून राहिल्या. इतकी वर्षं आपण काय केलं? वर्गातल्या सगळ्यात हुशार मुलीला पुस्तकातलं जग एक वाटतं आणि बाप जगतो ते जग दुसरं. आणि हे बोलायचं तरी कुणाशी?

दुसऱ्या दिवशी बाई स्वतः हॉलमध्ये गेल्या. महाराजांनी त्यांच्याकडे एकदा निरखून पाहिलं. एकटी बाई, साधी साडी, रिकामा गळा. "कुणीतरी गेलंय," ते हळुवार म्हणाले. "विचारा ना, इथे आहे का म्हणून."

बाई प्रयोग पाहायला आल्या होत्या. पण दोरा बोटात आला आणि त्यांनी मनातल्या मनात विचारलंच. गोळा उभ्या रेघेवर झुलू लागला. हो, हो, हो. बोटं आपण हलवत नाही हे त्यांना स्वच्छ जाणवत होतं. जिना उतरताना त्यांना कठडा धरावा लागला.

घरी येऊन त्यांनी दोऱ्याला एक जाड लोखंडी नट बांधला आणि कपाटाच्या कडीला टांगला. तोच प्रश्न विचारला. नट हलला नाही. हातात धरून विचारलं, हलला. डोळे मिटून धरला, तर झोके विस्कटले. काय चाललंय ते त्यांना कळलं. कळल्यावरही त्यांनी तो दोरा लगेच खाली ठेवला नाही. खोलीत दुसरं कुणीच नव्हतं, आणि ते ‘हो’ फार गोड होतं.

सकाळी त्या वर्गात आल्या त्या पिशवीभर दोरे आणि नट घेऊन. फळ्याला पाठ करून उभ्या राहिल्या. खिडकीकडच्या रांगांना हळूच सांगितलं, "हा नट धरला की गोल फिरतो." भिंतीकडच्या रांगांना सांगितलं, "हा पुढे-मागे झुलतो." मग मोठ्याने म्हणाल्या, "कुणीही मुद्दाम हलवायचं नाही. हात एकदम स्थिर."

मिनिटभराने खिडकीकडचे सगळे नट गोल फिरत होते आणि भिंतीकडचे पुढे-मागे झुलत होते. मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. "ए, तुझा असा का?" "तूच हलवतोयस!" "आईशप्पथ नाही!" वर्गात एकच गलका उडाला.

शेवटच्या बाकावर नेहमी झोपणारा एक जण उभा राहिला. "बाई, मग हे करतंय कोण?"

त्या वर्षी वर्गातून आलेला तो पहिला प्रश्न होता. बाईंना उत्तर येत होतं. त्या म्हणाल्या, "तुम्हीच शोधा."

तास संपल्याची घंटा कुणी ऐकली नाही. कुणी दोरा खिळ्याला टांगला, कुणी कोपर बाकावर टेकवलं, कुणी डोळे बांधले. पैकी मात्र स्वतःच्या बोटांकडे टक लावून बघत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाई, बोट थोडंसं हलतं. इतकं थोडं की मला कळतसुद्धा नाही. पण प्रत्येक झोक्याला, बरोबर वेळेवर. झोपाळ्याला बारीक बारीक धक्के दिल्यासारखं." ती थांबली. "बाई, तो अनुनादाचा धडा म्हणजे हे?"

"हेच."

"आणि ते बारीक धक्के कुठल्या बाजूला द्यायचे, ते मन ठरवतं? म्हणजे पप्पांना…" तिने झुलता नट मुठीत पकडला.

महाराजांच्या पुढच्या बैठकीला ती बापाला हाताला धरून घेऊन आली. बाई मागे उभ्या होत्या.

"महाराज, पप्पांना तोच प्रश्न परत विचारायचाय. पण डोळे बांधून. चालेल?"

"का नाही चालणार?" महाराज गर्दीकडे वळून हसले. "बांधा, दोन पट्ट्या बांधा! लहरींना डोळे लागत नाहीत, मंडळी!"

बेकरीवाल्याने आधी उघड्या डोळ्यांनी विचारलं. गोळा आडवा झुलला. नाही. मग गोळा थांबवला, डोळ्यांवर ओढणी बांधली आणि पैकीने काही न बोलता खालचा पुठ्ठा पाव वळसा फिरवला. आता जिथे ‘नाही’ होतं तिथे ‘हो’ आलं. हॉलमध्ये कुणी खोकलंसुद्धा नाही.

"विचारा, पप्पा."

गोळा हलू लागला. झोके लहान होते, वाकडेतिकडे होते, पण दिशा तीच, डावीकडून उजवीकडे. आणि आता त्याच्याखाली ठळक अक्षरात होतं ‘हो’.

"पुठ्ठा हलवला!" महाराज ओरडले. "त्यामुळे लहरी गोंधळल्या!"

"लहरींना डोळे लागत नाहीत म्हणालात ना आत्ताच?" मागून कुणीतरी म्हणालं, आणि हॉलभर हशा पिकला. महाराजांनी गोळा कोटाच्या खिशात टाकला. आज वातावरण दूषित आहे म्हणाले आणि मागच्या दाराने निघून गेले.

बेकरीवाल्याने ओढणी सोडली आणि पुठ्ठ्याकडे बघितलं. "म्हणजे मीच हलवत होतो?"

"मुद्दाम नाही, पप्पा."

"मला भीती वाटते गं," तो सगळ्यांदेखत म्हणाला. "टेबलावर झोपलो आणि उठलोच नाही तर?"

तेव्हा बाई पुढे आल्या. "लोकहो, या माणसाला हसू नका. माझ्याही हातात तो फिरला. माझा नवरा गेलाय. मला ‘हो’ हवं होतं, मला ‘हो’ मिळालं. दोरा आपल्याला आपल्याच मनातलं परत सांगतो, म्हणून तर तो इतका खरा वाटतो. खिळ्याला टांगा आणि विचारा. डोळे बांधा आणि विचारा. उत्तर बदललं, तर ते उत्तर ब्रह्मांडातून आलेलं नाही. एवढं तपासायला पदवी लागत नाही."

काही जणांना पटलं. काही जण कुरकुरत गेले, आणि नावनोंदणीच्या टेबलाशी तरीही दोघे-तिघे रेंगाळत होतेच.

ऑपरेशनच्या दिवशी बाई दवाखान्यात गेल्या. पैकी आईबरोबर औषधं आणायला खाली गेली होती. हिरव्या कपड्यातला बेकरीवाला पलंगावर एकटाच छताकडे बघत पडला होता.

"बाई, मी वाचेन ना?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या. "डॉक्टर म्हणतात, बहुतेक जण वाचतात. आणि नाही केलं तर काय होतं, तेही त्यांनी सांगितलंय."

तो कसनुसं हसला. "महाराज कसं एकदम ठाम सांगायचे."

"ठाम सांगायला त्यांचं काय जात होतं? झडप तुमची होती."

त्याने चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मला आत नेईपर्यंत बसाल का इथे?"

बाईंनी खुर्ची पलंगाजवळ ओढली. दोघांच्याही मनात भीती होती, आणि ती दूर करील असं एकही सूत्र बाईंना येत नव्हतं. त्या नुसत्या बसून राहिल्या.

बेकरीवाला वाचला. हळूहळू चालतो, पोती आता दुसरं कुणीतरी उचलतं. कोणी म्हणतं महाराजांच्या आशीर्वादाने वाचला. त्याला विचारलंत तर तो सर्जनचं नाव सांगतो.

आपल्यालाही कधीतरी असंच भेदरलेलं, एकटं बसावं लागेल, आणि कुणीतरी गोड बोलून पटकन उत्तर देऊ करील. ते घेण्याआधी एकदा तपासा. आणि दुसरं कुणी असं बसलेलं दिसलं, तर त्याला नुसतं शहाणपण शिकवून निघून जाऊ नका. त्याच्याजवळ खुर्ची ओढा आणि बसा.