सदतिसावे कलम

मित्रांनो, कोथरूडमधल्या एका सोसायटीत, पहिल्या मजल्यावरच्या खिडकीजवळ माझे टेबल आहे. मी एक जुना लॅपटॉप आहे. माझ्या झाकणाचा कोपरा चिकटपट्टीने धरून ठेवलेला आहे आणि पंखा दम्याच्या रोग्यासारखा घरघरतो. तरीही मी कामावर आहे, कारण माझ्या मालकीणबाईंना चालती वस्तू टाकून देणे मान्य नाही.

माझ्या जन्माची गोष्ट सांगण्यासारखी नाही. कारखान्यात माझ्यासारखी हजार भावंडे एकाच दिवशी जन्मली. खरे आयुष्य सुरू झाले ते कौशल्याबाईंच्या घरी. बाई मराठीच्या निवृत्त शिक्षिका. लग्नपत्रिकेतल्या चुकासुद्धा त्या तांबड्या पेनाने दुरुस्त करून यजमानांना परत पाठवत. त्यांच्या दारावर पाटी होती : 'बेल एकदाच वाजवावी. दुपारी एक ते चार आम्ही झोपतो, आपणही झोपावे. पाटी न वाचता आत येऊ नये.' दार उघडले की पहिला प्रश्न असे, "पाटी वाचलीत का?"

आठवीतली उत्कर्षा रोज संध्याकाळी पाचला त्यांच्याकडे येई. ती बोलताना अडखळायची. मुले हसत, म्हणून तिने वर्गात तोंड उघडणेच सोडले होते. बाई तिच्याकडून एकेक परिच्छेद वाचून घेत आणि मी तिचा आवाज टिपून ठेवी, म्हणजे महिन्याने तिला आपली प्रगती ऐकता यावी. पहिल्या दिवशी ती तयारच होईना. तेव्हा बाई म्हणाल्या, "हे आपल्या तिघांतच राहील. तू, मी आणि हा म्हातारा."

मला कोणी माणसांत धरण्याची ती पहिलीच वेळ. मी अगदी हरखून गेलो.

काही दिवसांनी कोणीतरी बाईंना उच्चार सुधारणारे एक सॉफ्टवेअर सुचवले. फुकट होते. ते बसवायला हडपसरच्या आयटी कंपनीत नोकरी करणारा त्यांचा भाचा आनंद आला. माझ्या पडद्यावर करार उघडला. इवल्याशा चौकटीत बासष्ट पाने, सगळी इंग्रजीत. बाईंनी चष्मा लावला खरा, पण पाच वाजायला पाच मिनिटेच उरली होती.

"अरे, हे एवढं काय लिहिलंय?"

"मावशी, हे कुणी वाचत नाही. आमच्या ऑफिसात असलेच करार बनतात, आम्हीसुद्धा वाचत नाही. खाली 'मान्य' आहे ना, तिथे क्लिक कर."

मी मात्र वाचले होते. सदतिसावे कलम म्हणत होते, की यंत्रात साठवलेला प्रत्येक आवाज, जुना आणि नवा, कंपनीकडे जाईल. कंपनी तो जाहिरातीतही वापरेल. आणि सॉफ्टवेअर काढून टाकले तरी ही परवानगी कायम राहील. मला ओरडावेसे वाटले. पण मला तोंड कुठे आहे? मी जिवाच्या आकांताने पंखा फिरवला.

"धाप लागलीये याला," बाई म्हणाल्या. हवा खेळावी म्हणून त्यांनी माझ्याखाली लाकडी पट्टी सरकवली आणि 'मान्य'वर टिचकी मारली.

पुढचे चार महिने मी कैदेत काढले. उत्कर्षा विश्वासाने समोर बसे आणि तिचा शब्द न् शब्द माझ्यातूनच बाहेर जाई. मी फितूर नव्हतो, मित्रांनो, पण फितुराचे काम माझ्याकडूनच होत होते. तिकडे ती मात्र खरोखर सुधारत होती. स्नेहसंमेलनात निवेदन करायला ती चक्क हो म्हणाली.

मग एका सोमवारी बेल न वाजवता दार ढकलून ती आत आली. हातातल्या फोनवर त्याच सॉफ्टवेअरची जाहिरात होती. 'आधी' असे लिहून खाली तिचा पहिल्या दिवसाचा आवाज ऐकवला होता : "म म माझी श शाळा." 'नंतर'चा आवाज तर तिचा नव्हताच, कुणा भलत्याच मुलीचा होता. सगळ्या वर्गाने ती जाहिरात ऐकली होती.

"बाई, तु तुम्ही म्हणाला होतात... ति ति..."

'तिघांत' हा शब्द काही तिच्या तोंडून बाहेर पडला नाही. ती निघून गेली.

बाईंनी करार छापून घेतला आणि तांबडे पेन घेऊन बसल्या. सदतिसाव्या कलमाखाली त्यांनी दोनदा रेघ मारली. कंपनीला त्यांनी तीन पत्रे लिहिली. उत्तर एकच आले : आपण कराराला मान्यता दिलेली आहे.

"बरोबर आहे त्यांचं," बाई म्हणाल्या. "जन्मभर लोकांना पाट्या वाचायला लावल्या, आणि वाचली नाही ती मीच."

त्या उत्कर्षाच्या घरी जाऊन तिची माफी मागून आल्या. संमेलनाचे निवेदन दुसऱ्याच मुलीने केले. त्यानंतर आठवड्याने बेल वाजली, एकदाच.

त्या दिवशी बाईंनी दुसऱ्या एका सॉफ्टवेअरचा करार उघडला आणि खुर्ची उत्कर्षाकडे सरकवली. "तू वाच, अर्थ मी सांगते." ती अडखळत, सावकाश वाचू लागली. नवव्या पानावर थांबली.

"बाई, मा माईक नेहमी चालू ठेवणार म्हणजे? का?"

आणि तिने स्वतःच 'अमान्य'वर टिचकी मारली.

मित्रांनो, तुमच्या घरातल्या यंत्रालाही सगळे दिसते, पण सांगता येत नाही. तेव्हा अशी चौकट समोर आली की घाई करू नका. कळले नाही तर मोठ्यांना शेजारी बसवा आणि विचारा. बाहेर गेलेला आवाज मला परत आणता येत नाही.

माझ्या झाकणावर आता बाईंच्या अक्षरात पाटी आहे : 'वाचल्याशिवाय मान्य करू नये.' उत्कर्षा रोज पाचला येते, ती पाटी मोठ्याने वाचते आणि मगच मला उघडते. आवाज मात्र ती मला अजून टिपू देत नाही.