डब्याचं दूध तोडलं तेव्हा

माझ्या अंगावर दूध आलंच नाही, हे अख्ख्या बेला गावाला माहीत आहे. बाळंतिणीच्या खोलीतली बातमी कुणाला सांगावी लागत नाही, ती आपली आपण गावभर फिरते. मी शेपू खाल्ला, आळीव खाल्ले, डिंकाचे लाडू खाल्ले. मी फुगले, दूध काही आलं नाही. सुमेध आठव्या महिन्यातच झालेला, चौदा दिवस काचेच्या पेटीत राहिलेला. त्याला पहिल्यापासून डब्याचं दूध. तो वर्षाचा झाला तेव्हा आदिलाबादच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "अब डब्बा बंद. सादा दूध दो, कप से."

बंद म्हणायला काय जातं?

मराठी शाळेतली चाळीस पोरं मी एका नजरेत गप्प बसवते. घरी एक वर्षाचं पोर मला दाद देईना. शेजारच्या फकिराच्या गाईचं दूध आणलं, उकळलं, कोमट केलं. सुमेधनं एक घोट घेतला, मी त्यात काहीतरी कालवल्यासारखं माझ्याकडं पाहिलं आणि सगळं माझ्या पदरावर थुंकला. साखर घातली, थुंकला. वेलची घातली, थुंकला. निम्मं डब्याचं, निम्मं गाईचं केलं. त्यात एक दिवस फसला आणि दुसऱ्या दिवशी दात घट्ट मिटून बसला. सल्ल्यांना तर ऊत आला. कुणी म्हणे म्हशीचं द्या, कुणी बकरीचं. एक मास्तरीण म्हणाली, बाटलीच फेकून द्या. फेकली. सुमेध इतका रडला की माझा नवरा पंकज संध्याकाळी मुकाट्यानं दुसरी बाटली घेऊन आला.

पंधरा दिवसांत पोराचे गाल उतरले. मग माझ्या सासूनं, मालनबाईनं, कारभार हातात घेतला. सासूला मी आई म्हणते आणि आईला माय.

"हे असं सुटत नसते," आई म्हणाल्या. "दूध तोडा लागते. आठ दिस आजोळी धाडू त्याले. तुयं तोंड दिसलं नाई पाह्यजे."

आमच्याकडं लेकराचं अंगावरचं तोडायचं तर त्याला आजोळी ठेवतात. आई समोर नसली की चार दिवस रडतं, मग विसरतं. गावातली सगळी लेकरं अशीच तुटली. पंकजसुद्धा.

"आई, माझ्या अंगावर तो कुठं पितो? मग तोडायचं काय?" मी विचारलं.

"अंगावर नाई पेत, पण तू दिसली का त्याले डबा आठवते. डबा तुयाच हातचा ना? मंग?"

मी त्याचे कपडे पिशवीत भरले. आज निदान भांडले असते.

माझी माय, आशाबाई, दुसऱ्या दिवशी जैनथहून येऊन त्याला घेऊन गेली. माझं माहेर म्हणजे मोटरसायकलनं अर्धा तास. पण जायचं नाही, फोनवरही बोलायचं नाही. "आवाज आयकला का पुन्ना पयल्यापासून," अशी मायनं तंबी दिली.

तिसऱ्या दिवशी मायचा फोन आला. "पेला माय! साराच्या सारा पेला खाली केला!"

मला आनंद झाला, खरंच झाला. आणि लगोलग वाटलं, माझ्याशिवाय प्यायला.

आठव्या दिवशी माय म्हणाली, "कच्चं हाय अजून. आठ दिस राहू दे." मी हो म्हटलं. माझा हात कुणी धरला नव्हता. शाळेत परीक्षा होत्या, आणि खरं सांगायचं तर वर्षभरानंतर मी सलग झोपत होते. त्या झोपेची मला लाज वाटायची, तरी मी झोपायचे.

सोळाव्या दिवशी, रविवारी, आम्ही त्याला आणायला गेलो. माय ओट्यावर बसली होती. सुमेध तिच्या मांडीवर, ओठांवर दुधाची मिशी. गाल भरले होते. मी गेटातूनच ओरडले, "सुमू!"

त्यानं पाहिलं. लस टोचायला आलेल्या बाईकडं पाहतात तसं पाहिलं आणि मायच्या खांद्यात तोंड खुपसलं.

"रुसला," पंकज म्हणाला.

रुसलेलं पोर चोरून पाहतं. हा पाहतच नव्हता. मी त्याला उचललं तर लाकडासारखा ताठ झाला आणि निळा पडेपर्यंत किंचाळला. मी पेला पुढं केला, त्यानं उडवला. मायनं घेतलं तसा हुंदके देत तिच्या हातून प्यायला. दुपारभर हेच. पंकजनं पिशवीतून लपवून आणलेला डबा काढला. डॉक्टरीणबाई गेल्या चुलीत म्हणत मी बाटली भरली. सुमेधनं बाटलीकडं पाहिलं आणि माझा हात ढकलला. तुटायचं ते अगदी नीट तुटलं होतं.

सोमवारी माझी शाळा. त्याला असाच नेला तर घरी पाजायचं कुणी? आणि ठेवला तर? अजून आठ दिवसांनी तो माझ्याकडं लस टोचणाऱ्या बाईइतकंही पाहील का? मला कुणावर तरी ओरडायचं होतं आणि ओरडायला माणूस सापडत नव्हता. सगळ्यांनी त्याच्या भल्याचंच केलं होतं. मीही.

"माया हातानं काय होऊन बसलं हे," माय डोळ्याला पदर लावून म्हणाली. "तुयंच लेकरू हाय, येईन वयणावर."

"कधी?"

उन्हं कलल्यावर मायनं मला ओट्यावर मांडी घालून बसवलं आणि दोरीवरचं आपलं रोजचं लुगडं माझ्या अंगावर पांघरलं. त्याला चुलीच्या धुराचा आणि तिच्या तंबाखूचा वास होता.

"बोलू नको," ती म्हणाली.

सुमेधला तिनं रस्त्याकडं तोंड करून माझ्या मांडीवर ठेवलं. स्वतः माझ्या मागं बसली आणि माझ्या काखेखालून पेल्याचा हात पुढं काढला. सुमेधनं ओळखीचा हात पाहिला, त्यातल्या हिरव्या बांगड्या चाचपल्या, आणि निवांत मागं रेलला. माझ्या छातीवर. दूध प्यायला लागला.

त्याचं डोकं माझ्या हनुवटीखाली होतं. प्रत्येक घोटाला त्याची पाठ हलायची आणि मला ते छातीत लागायचं. जन्मल्यापासून तो इतक्या जवळ कधी प्यायला नव्हता.

"पिऊन राह्यला का?" पंकजनं अंगणातून हळूच विचारलं.

मी हूं की चूं केलं नाही. श्वाससुद्धा बेतानं घेतला. माझ्या तोंडून एक शब्द निघाला असता तरी त्याला कळलं असतं, की ही आजी नाही, मी आहे.